सत्तर हजारांत गेमिंग पीसी: सुटे भाग निवडायचे कसे

दरवर्षी प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की नात्यातल्या, सोसायटीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "काका, दुकानदारानं कोटेशन दिलंय. व्हॉट्सॲपवर टाकलंय, जरा बघता का?" कोटेशन उघडलं की बहुतेक वेळा चित्र तेच असतं. वर ठळक अक्षरांत आय७, मग ३२ जीबी रॅम, मग चार रंगीत पंख्यांचं काचेचं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या भागाच्या, रकान्यात "४ जीबी" एवढंच. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्यासमोर कंपनीचं नावच नाही, नुसतं "४५० वॅट". रक्कम मात्र आईवडिलांनी वर्षभर बाजूला काढलेली असते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीला मी दोन प्रश्न विचारतो. हा पैसा पडद्यावर दिसणार आहे का? दिसणार नसेल, तर तो मशीन जळण्यापासून किंवा वर्षभरात निकामी होण्यापासून वाचवणार आहे का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर ती वस्तू आज घ्यायची नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांवरच उभ्या आहेत.

उदाहरणासाठी मॉनिटर धरून सत्तर हजारांचं बजेट घेऊ. माझी ढोबळ वाटणी अशी: ग्राफिक्स कार्डाला साधारण एक तृतीयांश, प्रोसेसर (मशीनचा मेंदू) आणि मदरबोर्ड (सगळे भाग जिथे बसतात तो मुख्य बोर्ड) मिळून एक चतुर्थांश, मॉनिटरला सातवा हिस्सा. उरलेले अठरा-एकोणीस हजार रॅम, एसएसडी (खेळ आणि विंडोज साठवायची जागा), एसएमपीएस आणि कॅबिनेट यांत वाटायचे. भाव रोज हलतात, त्यामुळे रुपयांपेक्षा हे प्रमाण डोक्यात ठेवा.

पहिली पायरी: खेळ कोणता आणि पडदा कोणता

प्रोसेसर नंतर ठरतो, पडदा आधी. हे ऐकून मुलं चकित होतात, पण ग्राफिक्स कार्डाला काम किती पडणार हे मॉनिटरच ठरवतो. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० वर ते ३६ लाख ८६ हजार होतात आणि फोरके पडद्यावर ८२ लाख ९४ हजार. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, तेवढे ठिपके रंगवायचे असतात. सत्तर हजारांच्या बजेटमध्ये १०८० हेच योग्य ठिकाण आहे. तिथे कार्ड दमत नाही आणि चित्रही स्वच्छ दिसतं.

दुसरा आकडा हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंद. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात जाणवतो. २४ इंची, आयपीएस (बाजूनंही रंग नीट दिसणाऱ्या) पॅनेलचा, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आता परवडणाऱ्या भावात मिळतो. जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर घरात असेल आणि मुलगा मुख्यतः कथानकाचे खेळ खेळणार असेल, तर तोच वापरा आणि ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

मुलाला बसवून एक यादी करायला सांगा: पुढच्या वर्षभरात खरंच खेळायचे पाच खेळ. व्हॅलोरंटसारखा खेळ प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो आणि साध्या कार्डावरही शंभरच्या वर फ्रेम देतो. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ मात्र कार्डाचा घाम काढतात. यादीत नुसते पहिल्या प्रकारचे खेळ असतील तर पंचेचाळीस-पन्नास हजारांतही उत्तम मशीन होतं.

दुसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड

सर्वांत जास्त पैसा इथे जातो आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते, म्हणून जरा थांबून बघू.

पहिली गोष्ट: "किती जीबीचं कार्ड?" हा प्रश्नच अपुरा आहे. जीटी ७३० हे २०१४ मधलं कार्ड ४ जीबी मेमरीसह अजूनही दुकानांत दिसतं. त्यावर आजचे खेळ चालत नाहीत. जीबी म्हणजे कोठार. काम करणारी चिप कोणती, हे नावातल्या आकड्यांवरून कळतं. कोटेशनमध्ये पूर्ण नाव आणि मेमरीचा प्रकार लिहून मागा. "४ जीबी एनव्हिडिया" असं लिहून देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नका.

दुसरी गोष्ट: एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं रूप जानेवारी २०२२ मध्ये आलं, ते १३० वॅट खातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाचं ६ जीबीचं रूप आलं. ते ७० वॅटचं आहे आणि त्यात नुसती मेमरीच नाही, चिपचे गाभेही कमी आहेत. ते वाईट आहे असं नाही. जुन्या ब्रँडेड पीसीत, जिथे एसएमपीएसमधून जादा वायर निघत नाही, तिथे ते फार उपयोगी पडतं, कारण त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. पण ८ जीबीवाल्याच्या भावात ते घेणं म्हणजे नुकसान. तसंच आरएक्स ५८० चं. जुन्या बाजारात "२०४८ एसपी" असं लिहिलेलं आरएक्स ५८० मूळ कार्डापेक्षा कमी ताकदीचं असतं.

मग घ्यायचं काय? आमच्या बजेटमध्ये मी या क्रमाने बघतो. आरएक्स ६६०० हे ऑक्टोबर २०२१ चं, ८ जीबीचं, १३२ वॅटचं कार्ड. वय झालं तरी १०८० वर पैशाला जागतं. चांगल्या भावात मिळालं तर आजही घ्यावं. थोडे पैसे वाढवता आले तर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६०. ४०६० फक्त ११५ वॅट खातं आणि त्यात डीएलएसएस मिळतं. डीएलएसएस म्हणजे खेळ कमी ठिपक्यांवर रंगवून मग तो मोठा आणि स्वच्छ करून दाखवण्याची युक्ती. ती एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांपुरती आहे. एएमडीचं एफएसआर तिसऱ्या आवृत्तीपर्यंत जवळपास कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ मधली कार्डं. बजेट पुरत असेल तर ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं रूप पुढची बरीच वर्षं साथ देईल, पण सत्तर हजारांत ते बसवायला मॉनिटर घरचा लागतो.

इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं. १२ जीबी मेमरी हा त्याचा मोठा गुण. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सुविधा चालू असलेला मदरबोर्ड हवाच, आणि रायझन ५ ५६०० सारख्या जरा जुन्या प्रोसेसरसोबत काही खेळांत त्याचा वेग घटतो. नवीन प्रोसेसर घेणार असाल तरच त्याचा विचार करा.

टाळायचं कार्ड विचाराल तर आरएक्स ६५०० एक्सटी. ते मदरबोर्डाशी फक्त चार लेनवर (डेटाच्या रस्त्यांवर) बोलतं, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या, म्हणजे या रस्त्यांच्या जुन्या, संथ पिढीच्या बोर्डावर ते आणखी मंदावतं, आणि खेळाचं रेकॉर्डिंग करण्यासाठी लागणारा एन्कोडरही त्यात नाही.

आठ जीबी मेमरी पुरते का, असं हल्ली सगळे विचारतात. १०८० वर पुरते, फक्त नव्या जड खेळांत टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागांवरच्या बारकाव्यांची) पातळी "अल्ट्रा"वरून "हाय"वर आणावी लागते. खेळताना तो फरक शोधावा लागतो. पण चार जीबीचं कार्ड आज नवीन घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर: इथरियम हे डिजिटल चलन १५ सप्टेंबर २०२२ रोजी खाणकामाच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना गणितं सोडवायला लावून चलन मिळवण्याच्या, पद्धतीतून बाहेर पडलं आणि त्यानंतर दिवसरात्र राबलेली हजारो कार्डं बाजारात आली. त्यांतली सगळीच खराब नसतात, पण तपासल्याशिवाय घ्यायची नाहीत. विक्रेत्याच्या घरी जाऊन कार्ड चालू अवस्थेत बघा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं बनावट कार्ड ते बऱ्याचदा पकडतं. वीस मिनिटं एखादा जड खेळ चालवा, पंख्यांचा घरघराट ऐका, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का बघा. स्क्रूवरचं सील, अनुक्रमांक आणि उरलेली वॉरंटी कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळा. कुरियरनं मागवलेलं, दुकानाचं पाठबळ नसलेलं जुनं कार्ड मी कुणालाच सुचवत नाही.

तिसरी पायरी: प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्रच

हे दोघं सोयरे आहेत, एकमेकांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

स्वस्त आणि पुरेसा असा पहिला पर्याय: रायझन ५ ५६००. सहा कोअर (काम करणारे गाभे), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ६५ वॅट, सोबत कंपनीचा कूलर. बसतो एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसायच्या खोबणीच्या) बी४५० किंवा बी५५० बोर्डावर. दुसरा पर्याय: कोअर आय५-१२४००एफ, तोही सहा कोअर बारा थ्रेडचा, एच६१० किंवा बी६६०/बी७६० बोर्डावर. याहून हात आखडता घ्यायचा असेल तर आय३-१२१००एफ. चार कोअरचा असूनही आरएक्स ६६०० ला तो नीट सांभाळतो. नावातल्या शेवटच्या "एफ"चा अर्थ, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. म्हणजे कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तर पडदा काळाच राहणार. हे माहीत असून घ्या. मी स्वतः एफवालेच घेत आलोय, कारण वाचलेले पैसे कार्डात जातात.

पुढे वाढवायची सोय हवी असेल तर एएम५. हा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर५ (डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची) रॅम चालते, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवण्याचं एएमडीनं जाहीर केलेलं आहे. रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० घेऊन चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा, ही योजना चांगली आहे. अडचण एकच, रॅमचा भाव. त्याबद्दल खाली येतोच.

बोर्डात कंजूषी किती करावी? एच६१० वर रॅमचे दोनच खाचे मिळतात आणि कुठल्या बोर्डावर एम.२ चा (एसएसडी बसवायचा) खाचा एखादाच असतो, कुठल्यावर नसतोही. आय३ किंवा आय५-१२४००एफसाठी तो चालतो. त्याच्यावर आय७ चढवायचा विचार मात्र करू नका, बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग तापतो. बी४५० बोर्डावर पीसीआयई ३.० असतं, बी५५० वर ४.०. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० दोन्ही आठ लेनची कार्डं आहेत, म्हणून भावात हजार-दीड हजारांचाच फरक असेल तर बी५५० घ्या.

आणि बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर. बी४५० बोर्ड २०१८ पासून विकला जातोय, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० ची. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि घरी आणल्यावर पंखे फिरतात पण पडदा काळा. बोर्ड घेतानाच दुकानात सांगा, "बायोस अपडेट करूनच द्या." चांगली दुकानं ते पाच मिनिटांत करून देतात. आय५-१३४००एफ सारखा तेराव्या पिढीचा प्रोसेसर एच६१० वर लावतानाही हेच.

बजेट चाळिसाच्या आसपासच असेल तर वेगळी वाट आहे. कार्ड आत्ता घेऊच नका. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी घ्या, ज्यांत बरं ग्राफिक्स आतच आहे, आणि दिवाळीच्या बोनसवर कार्ड बसवा. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. अशा प्रोसेसरला रॅमच्या दोन काड्या लागतातच, एकीवर तो लंगडतो. आणि ५६००जी मध्ये कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान) मेमरी ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे, त्यामुळे कार्ड बसवल्यावरही तो ५६०० एवढा धावत नाही.

आता एक कळकळीची गोष्ट. जुन्या सामानाच्या जाहिरातींत "आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त अठरा हजार" असं असतं. तो आय७ बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० असतो, म्हणजे २०११-१२ मधला. वर सांगितलेला चार कोअरचा आय३-१२१००एफ त्याला सहज मागे टाकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, अथवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय चालूच होत नाही. आय७ या दोन अक्षरांवर भुलून पहिला पगार तिथे घातलेली मुलं मी पाहिली आहेत. पिढीचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौथी पायरी: रॅम आणि एसएसडी

१६ जीबी, आठ-आठच्या दोन काड्या. सोळाची एकच काडी घेतली तर मेमरीचा रस्ता एकपदरी राहतो आणि फ्रेम पडतात. डीडीआर४ असेल तर ३२०० वेग, डीडीआर५ असेल तर ५६०० किंवा ६०००. काड्या एकाच पाकिटातल्या जोडीच्या असाव्यात.

२०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की काही महिन्यांतच किरकोळ बाजारातले रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. एसएसडीलाही त्याची झळ लागली. म्हणून सध्या माझा सल्ला बदललाय. घरात किंवा मित्राकडे डीडीआर४ च्या चालू काड्या पडून असतील तर त्यांच्याभोवतीच मशीन उभं करा. रॅमला हलणारे भाग नसतात, जुनी तपासून घेतली तर धोका कमी. त्या एका बचतीवर ग्राफिक्स कार्ड एक पायरी वर जाऊ शकतं. ३२ जीबीचा हट्ट मात्र आत्ता धरू नका. खाचे मोकळे ठेवा, भाव उतरल्यावर वाढवता येईल. अर्थात त्यासाठी चार खाच्यांचा बोर्ड हवा.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, शक्यतो १ टीबी. बाल्डर्स गेट ३ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ हे दोनच खेळ प्रत्येकी १५० जीबी मागतात, मग ५०० जीबीत काय उरणार? पैसे अगदीच कमी पडले तर ५०० जीबी घ्या, पण बोर्डावर दुसरा एम.२ खाचा आहे याची खात्री करून. एम.२ आकाराच्या काही काड्या आतून साटा असतात, म्हणजे संथ. वेष्टणावर "एनव्हीएमई" हा शब्द असलाच पाहिजे. जुनी एसएसडी घेऊ नका, तिचं आयुष्य लिहिलेल्या डेटावर झिजतं.

पाचवी पायरी: एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

हा पैसा पडद्यावर कधीच दिसत नाही. म्हणून कोटेशनमध्ये पहिली कात्री इथेच लागते, आणि मशीन जळतं तेही इथूनच. काही वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या मुलाचा पीसी कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर चालत होता. मे महिन्यात वीज दोनदा गेली-आली, एक ठिणगी उडाली, आणि जाताना तो एसएमपीएस मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. दीड-दोन हजारांची बचत तीस हजारांना पडली.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वॅट वाचू नका. त्याच्या बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथले अँपिअर बाराने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड याच रेषेवर जगतात. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, म्हणजे ५५० वॅटचा दावा खरा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट, मग वर ४५० लिहिलेलं असो की ६००.

आपल्या मशीनला लागतं किती? आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५ ५६०० चे जास्तीत जास्त ७६, बाकी सगळ्याचे पन्नास धरा. साधारण २६० वॅट. तरी ५५० वॅटचा घ्या, कारण कार्ड क्षणभरासाठी उसळी मारून जास्त ओढतं आणि निम्म्या भारावर चालणारा एसएमपीएस थंड राहतो. ८० प्लस ब्राँझचं चिन्ह असावं. त्याचा अर्थ निम्म्या भारावर किमान ८५ टक्के कार्यक्षमता. पण ते चिन्ह सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे, म्हणून सोबत पाच वर्षांची वॉरंटी आणि जादा दाबापासून, जादा प्रवाहापासून, शॉर्टसर्किटपासून संरक्षण लिहिलेलं आहे का ते बघा.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार मला जितकी ऐकू येते तितकी दुसरी कुठलीच नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थला जोडलेले असतात. भिंतीतलं अर्थिंग तुटलेलं असेल तर तो धातूचा डबा मुख्य दाबाच्या निम्म्या, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण हेडफोनमध्ये गुणगुण, यूएसबी पोर्ट जाणं हे तिथूनच सुरू होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरनं मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत आणि होस्टेलांत हे आधी तपासा आणि मगच पीसी लावा.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आपलं मशीन आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या जवळ जातं, त्यामुळे खेळ ऐन रंगात असताना वीज गेली की तो टिकेलच असं नाही. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. ज्या गावात वीज रोज डळमळते तिथे यूपीएस पहिल्याच दिवशी हवा. जिथे वीज महिन्यातून एखादेवेळी जाते तिथे चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा) लावून यूपीएस दोन महिन्यांनी घेतला तरी चालतो.

वीजबिलाची धास्ती घेतलेल्या पालकांसाठी हिशेब: ३०० वॅट, रोज तीन तास, तीस दिवस म्हणजे २७ युनिट.

सहावी पायरी: कॅबिनेट

पुढून जाळी असलेलं, तीन पंख्यांचं, आत कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मावणारं. पुढे बंद काच असलेलं घेऊ नका, आपल्या उन्हाळ्यात आतली हवा कोंडते. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून दोनदा तासभर चालवा म्हणजे आतला दमटपणा निघतो. वेगळा कूलर, आरजीबी (रंगीत दिवे), वायफाय कार्ड हे सगळं नंतर.

सातवी पायरी: खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड अजूनही भाव समजून घ्यायला उत्तम जागा आहे. आधी तीन ऑनलाइन दुकानांचे भाव कागदावर लिहा, मग तीन दुकानांत जाऊन प्रत्येक भागाचा वेगळा भाव विचारा. एकत्र रक्कम सांगणाऱ्याला "ओळीनुसार लिहून द्या" म्हणा. फरक नेहमी मदरबोर्ड आणि एसएमपीएसच्या ओळीत लपलेला असतो.

"बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य ऐकू आलं तरी मोहात पडू नका. या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे सूट मोठी वाटते. पण दोन वर्षांनी कार्ड बिघडलं तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर पक्कं बिल मागतं. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. प्रोसेसर खोक्यातलाच घ्या. इंटेल आणि एएमडी दोघांचीही खोकाबंद प्रोसेसरवर तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या, म्हणजे "ट्रे" प्रोसेसरवर ती जबाबदारी विक्रेत्याकडे जाते. अमेरिकेहून किंवा दुबईहून कुणी कार्ड आणणार असेल, तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का हे आधी तिच्या संकेतस्थळावर बघा.

आठवी पायरी: जोडणी आणि पहिली रात्र

जोडणी मुलाला स्वतः करू द्या, शेजारी बसा. धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा, प्रोसेसर सोनेरी त्रिकोण जुळवून अलगद बसवा, जोर लावू नका. सोबतच्या कूलरला उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते. दोन काड्या चार खाच्यांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची पॉवर केबल हमखास विसरली जाते. कॅबिनेटमध्ये भरण्याआधी असंच एकदा चालू करून बायोस दिसतंय का बघा, म्हणजे चूक सापडली तर सगळं उचकटावं लागत नाही.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. ते केलं नाही तर विकत घेतलेली ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ १४४ वर न्या. तो आपोआप ६० वर बसलेला असतो आणि कित्येक मुलं वर्षभर तशीच खेळतात.

मग तपासणी. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या, एकही चूक येता कामा नये. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून अर्धा तास जड खेळ चालवा. कार्ड ८० अंशांच्या आसपास किंवा खाली, प्रोसेसर ८५ च्या खाली राहिला पाहिजे. प्रोसेसर लगेच ९५ वर गेला तर कूलरचा एखादा कोपरा नीट बसलेला नाही किंवा तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये नव्या एसएसडीचे वापराचे तास पाच-दहाच्या वर दिसले तर दुसऱ्याच दिवशी दुकान गाठा. पहिल्या आठवड्यात बदलून मिळणं सोपं असतं, नंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात.

खोकी टाकू नका. बिलाचा आणि प्रत्येक अनुक्रमांकाचा फोटो काढून आईवडिलांच्या फोनवरही पाठवून ठेवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्रशनं धूळ काढा. पंखे बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं ते उलटे फिरू देऊ नका.